नागपूर ते मुंबई : हवाई अंतर, रस्त्याचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

विस्तार कार्यकर्त्यास शेतकरी अनेक प्रश्न विचारतात. त्यांतील एक प्रश्न दिसावयास सोपा, पण उत्तर देताना फसवणारा असतो. "मुंबई येथून किती लांब?" या प्रश्नाला कोणी किलोमीटरांत उत्तर देतो, कोणी तासांत, तर एखादा वृद्ध शेतकरी अजूनही कोसांत. तिन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबर असू शकतात आणि तरीही संत्र्याची गाडी बाजारात उशिरा पोहोचून भाव पडू शकतो. म्हणून अंतर म्हणजे काय, ते कसे मोजावे आणि त्यावरून माल निघण्याची वेळ कशी ठरवावी, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. उदाहरणासाठी नागपूर व मुंबई ही दोन शहरे घेतली आहेत. विदर्भातील संत्री उत्पादकास या मार्गाशी नेहमीच काम पडते. शिवाय येथे विमान, आगगाडी व महामार्ग ही तिन्ही साधने उपलब्ध असल्याने तुलना करणे सोयीचे होते.

सरळ रेषेतील अंतर

दोन गावांमधील पहिले अंतर म्हणजे पक्षी उडत जाईल तेवढे, सरळ रेषेतले. विमानाचे अंतर म्हणून जे सांगितले जाते ते साधारणतः हेच होय. ते काढण्यास भिंतीवरचा नकाशा व मोजपट्टी पुरे. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण दिलेले असते. एक सेंटिमीटरास दहा किलोमीटर असे प्रमाण असल्यास जितके सेंटिमीटर भरतील त्यास दहाने गुणावे. नकाशा जवळ नसेल, पण दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असतील, तर शाळेतील गणितही कामास येते.

नागपूरचा विमानतळ २१ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांश व ७९ अंश ३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक दोन अंशांचा आणि रेखांशांतील फरक ६ अंश ११ मिनिटांचा, म्हणजे दशांशात ६.१८ अंशांचा झाला. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. म्हणून मुंबईपेक्षा नागपूर २२२ किलोमीटर उत्तरेस आहे. रेखांशाच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किलोमीटर असलेला रेखांशाचा अंश आपल्याकडे, वीस अंश अक्षांशाच्या आसपास, सुमारे १०४.५ किलोमीटरच भरतो. ६.१८ ला १०४.५ ने गुणल्यास ६४६ येतात. म्हणजे नागपूर मुंबईच्या पूर्वेस ६४६ किलोमीटर आहे.

आता काटकोन त्रिकोणाचा नियम लावावा. २२२ चा वर्ग ४९,२८४ व ६४६ चा वर्ग ४,१७,३१६. बेरीज ४,६६,६०० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ६८३. नागपूर व मुंबई यांमधील सरळ अंतर ६८३ किलोमीटर होय. पृथ्वी गोल असल्याने या रीतीत थोडी चूक राहते. पण आपल्या राज्यापुरते अंतर काढताना ती इतकी लहान असते की व्यवहारात तिची चिंता करण्याचे कारण नाही.

एक अंश किती लांब, हा आज पुस्तकात आयता मिळणारा आकडा मिळवण्यासाठी या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसे राबली आहेत. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर मोजणी सुरू केली. ती पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण या नावाने प्रसिद्ध झाली. हैदराबादेहून नागपूरकडे येत असता १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. नागपुरातील शून्य मैलाचा स्तंभ सर्वांनी पाहिलेला असतो. आसपासच्या ठिकाणांची मैलांतील अंतरे त्यावर कोरलेली आहेत. देशाच्या मध्याजवळ असण्याचा लाभ नागपूरला हवाई वाहतुकीतही मिळाला. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

मापांविषयी दोन शब्द. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. कोसाचे माप प्रांतोप्रांती बदलत असे. आपल्याकडे ढोबळपणे दोन मैलांचा, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांच्या आसपासचा कोस धरतात. विमानाचे चालक मात्र सागरी मैल वापरतात. तो १.८५२ किलोमीटरांचा असून अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. वर्तमानपत्रात विमानाच्या संदर्भात मैलांचा आकडा दिसला, तर तो कोणत्या मैलांचा आहे हे पाहूनच त्याचे किलोमीटर करावेत.

रस्ता सरळ का जात नाही

आगगाडीने मुंबई ते नागपूर अंतर ८३७ किलोमीटर आहे. सरळ अंतराहून हे १५४ किलोमीटरांनी अधिक झाले. कारण नकाशावर बोट फिरवताच कळते. लोहमार्ग कल्याणहून कसारा घाट चढून इगतपुरीस जातो, तेथून नाशिक, मनमाड व जळगाव करीत भुसावळपर्यंत उत्तरेस झुकतो आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा या मार्गाने नागपूर गाठतो. घाटातील चढ, नदीवरील पुलाची सोय आणि वाटेतील बाजारपेठा पाहून तो आखलेला आहे. ८३७ ला ६८३ ने भागले असता १.२३ येते. यास आपण वळणाचे प्रमाण म्हणू. सरळ अंतराच्या शंभर किलोमीटरांमागे प्रत्यक्षात एकशे तेवीस चालावे लागतात, असा याचा अर्थ.

रस्त्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला आहे. जुन्या राष्ट्रीय महामार्गाने गाड्या अमरावती, अकोला, धुळे व नाशिकवरून जात, आणि प्रत्येक गावाचा बाजार, बसस्थानक व रेल्वेचे फाटक त्यांच्या वाटेत येई. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग हा गावे टाळून आखला गेला. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून ठाणे जिल्ह्यातील भिवंडीनजीकच्या आमण्यापर्यंत त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये व इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरांचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अखेरच्या भागात सह्याद्री फोडून काढलेला सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा आहे. पूर्वी ज्या उंचीसाठी घाटाची वळणे घ्यावी लागत, ती आता बोगद्यातून ओलांडली जाते.

पण ७०१ हा आकडा शहर ते शहर असा नव्हे. नागपूर शहरातून शिवमडक्यापर्यंत आणि आमण्यापासून पुढे मुंबईपर्यंत मिळून आणखी साठ-सत्तर किलोमीटर धरावे लागतात. म्हणजे एकूण अंतर ७६५ च्या आसपास जाते व वळणाचे प्रमाण १.१२ येते. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्यास हे प्रमाण फारच चांगले म्हणावे लागेल. आपल्या भागातील साध्या रस्त्यांसाठी ते सव्वाच्या आसपास आणि कोकणातील घाटरस्त्यांसाठी त्याहून पुष्कळ अधिक धरावे.

येथे एक गोष्ट शेतकऱ्यास आवर्जून समजावून सांगावी. हा महामार्ग शेताला लागून गेला म्हणजे शेतातून त्यावर चढता येते, असे नाही. ठराविक चढउताराच्या ठिकाणीच त्यावर प्रवेश मिळतो. दुचाकी, तीनचाकी व बैलगाडी यांस तो मुळीच खुला नाही. पलीकडे डोळ्यांसमोर गाड्या धावताना दिसतात आणि आपल्या मालाला मात्र आधी वीस-पंचवीस किलोमीटर उलट्या दिशेने जावे लागते, अशीही गावे आहेत. अशा गावाने आपले अंतर चढउताराच्या जागेपासून मोजावे.

घरापासून बाजारापर्यंतचा वेळ

प्रवासी विमानाचा वेग उंचीवर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरांच्या आसपास असतो. त्या हिशेबाने ६८३ किलोमीटर एक्कावन्न मिनिटांत संपले पाहिजेत. वेळापत्रकात मात्र सुमारे दीड तास दिलेला असतो. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, चढताना व उतरताना त्याचा वेग कमी असतो, आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी त्यास पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हा झाला केवळ विमानाचा वेळ. माणसाचा वेळ याहून निराळा.

काटोल तालुक्यातील एक शेतकरी व्यापाऱ्यास भेटण्यासाठी वाशीच्या बाजारात निघाला आहे, असे समजू. गावापासून सोनेगावच्या विमानतळापर्यंत दीड तास, उड्डाणापूर्वी तपासणीसाठी दोन तास, विमानात दीड तास, उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास व तेथून वाशीपर्यंत दीड तास. बेरीज सात तास होते. त्यांपैकी विमानात काढलेला वेळ जेमतेम पाचवा हिस्सा आहे. नवी मुंबईचा नवा विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाल्यामुळे विमान तेथे उतरणारे असल्यास वाशी पुष्कळ जवळ पडते. तिकीट काढताना मुंबईतील कोणता विमानतळ, हे म्हणूनच विचारून घ्यावे. तोच शेतकरी मोटारीने गेला, तर महामार्गापर्यंत दीड तास, पुढे ताशी सरासरी ९० किलोमीटर वेगाने ७०१ किलोमीटरांस पावणेआठ तास, जेवणखाण व विसाव्यासाठी एक तास आणि आमण्यापासून वाशीपर्यंत दीड तास, असे पावणेबारा तास लागतील. आगगाडीचा प्रवास गाडीनुसार अकरा ते पंधरा तासांचा असला, तरी तो रात्री झोपेत होतो. ज्यास दिवस मोडावयाचा नाही त्याने हा वेळ वाया गेला असे मानू नये.

म्हणजे आकाशातील एक्कावन्न मिनिटे आणि रस्त्यावरील पावणेबारा तास, अशी जी तुलना मनात होते ती खरी नव्हे. खरी तुलना सात व पावणेबारा यांची आहे. या पावणेपाच तासांसाठी किती पैसे मोजावेत हे ज्याचे त्याने ठरवावे.

मालमोटारीचा हिशेब

समृद्धी महामार्गावरून आठ तासांत मुंबई, असे सर्वत्र ऐकू येते. ते मोटारीस लागू आहे. मोटारीस सपाटीवर ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. मालवाहू वाहनास ती ८० किलोमीटरांची आहे. ७०१ ला ८० ने भागले असता ८.७६, म्हणजे पावणेनऊ तास येतात. एक क्षणही न थांबता, कायद्याच्या कमाल मर्यादेवर काटा धरून गाडी हाकली, तरीही आठ तासांत मालमोटार पोहोचू शकत नाही. जो वाहतूकदार तसे आश्वासन देतो, तो एकतर मर्यादा मोडणार आहे किंवा शब्द मोडणार आहे.

चालकाच्या श्रमाचाही विचार येथेच केला पाहिजे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालकाच्या कामास दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, आणि पाच तासांहून अधिक सलग काम न घेता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असे ठरवले. ही मर्यादा कागदी नव्हे, ती शरीराच्या धर्मास धरून आहे. सरळ, एकसारखा, गावे व झाडे नसलेला रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. जुन्या खडबडीत रस्त्यावर निदान खड्डा तरी जागे करीत असे. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली व पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. काटोलहून वाशीपर्यंतचा पल्ला एका चालकाच्या एका दिवसाच्या कामात बसत नाही, हे गणितानेच दिसते. गाडीवर दोन चालक असावेत, ही अट माल देणाऱ्यांनी भाडे ठरवतानाच घालावी. दुसऱ्या चालकाच्या मजुरीचा भार क्रेट्समागे वाटला असता नगण्य होतो.

आता निघण्याची वेळ उलट्या दिशेने मोजू. वाशीच्या फळबाजारात व्यवहार पहाटे सुरू होतो, म्हणून गाडी चार वाजता दारात हवी. चढाव, इंधन, जेवण व विसावा धरून मालमोटारीची सरासरी ताशी ६० किलोमीटर पडते असे मानल्यास ७०१ किलोमीटरांस पावणेबारा तास लागतात. गावापासून महामार्गापर्यंतचा दीड तास व अखेरचा दीड तास मिळवल्यास पावणेपंधरा तास झाले. म्हणजे गाडी आदल्या दिवशी दुपारी सव्वाच्या सुमारास निघाली पाहिजे. टायर फुटणे वा वाटेतील खोळंबा यांसाठी तासाभराची सवड ठेवून ती बारा वाजताच काढावी. त्यावरून तोडणी, निवड व भरणी यांच्या वेळा आपोआप ठरतात. दव सुकताच तोडणी सुरू करून अकरापर्यंत क्रेट्स भरून झाले पाहिजेत. भिवंडी व ठाणे परिसरात अवजड वाहनांस ठराविक वेळी बंदी असते व त्या वेळा बदलत असतात. वाहतूकदाराकडून त्या अगोदर विचारून घ्याव्यात.

मग संत्री विमानाने का पाठवू नयेत? विमान कंपनीस माल उड्डाणाच्या तीन-चार तास आधी द्यावा लागतो, आणि उतरल्यावर तो हाती पडण्यास तास मोडतो. गाव ते वाशी सर्व मिळून नऊ तासांच्या आसपास लागतात. मालमोटारीपेक्षा पावणेसहा तास वाचले. पण बाजार पहाटेच भरणार. संध्याकाळी पोहोचलेला माल आणि पहाटे पोहोचलेला माल एकाच वेळी, एकाच भावाने विकला जाणार असेल, तर वाचलेले तास गोदामात बसून राहतात. शिवाय विमानाचे भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे अधिक भरेल त्यावर, आकारतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकारास ६,००० ने भागले म्हणजे आकारमानाचे वजन किलोग्रॅममध्ये निघते. ५० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरांची पेटी साडेसात किलो धरली जाते. तीत चार किलो फुले असली तरी भाडे साडेसात किलोंचे, आणि पंधरा किलो संत्री असली तर पंधरा किलोंचे. फुले, वा ज्याचा भाव किलोमागे फार मोठा आहे असा नाजूक माल, यांनाच ते सोसते.

तास आणि तापमान

शेतमालाच्या दृष्टीने सर्व तास सारखे नसतात. तोडलेले फळही श्वसन करीत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. फळ १८ अंशांवर असताना जितके झिजते, त्याच्या दुप्पट ते २८ अंशांवर व चौपट ३८ अंशांवर झिजते. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात, आणि तेव्हा दुपारचे ऊन कसे असते ते सांगावयास नको. तोडलेला ढीग तीन तास उन्हात ३८ अंशांवर पडून राहिला, तर १८ अंशांच्या थंड रात्रीतील बारा तासांचे आयुष्य तेथेच खर्च झाले. नागपूर ते आमणे हा साराच प्रवास पावणेबारा तासांचा आहे! म्हणजे गाडी बांधावरून हलण्याआधीच फळ एकदा मुंबईची वाट चालून आलेले असते. झाडाच्या सावलीत पसरलेली गोणपाटे, वर टाकलेला कुडाचा मांडव आणि गाडीत क्रेट्सच्या रांगांमध्ये हवेसाठी सोडलेली फट यांनी जेवढे तास वाचतात, तेवढे विमानाने वाचत नाहीत. आणि त्यास खर्चही फारसा नाही.

अभ्यासासाठी

कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत पुढील दोन गणिते शेतकऱ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावीत. पहिले असे : तालुक्याच्या नकाशावर आपल्या गावापासून नेहमीच्या बाजारपेठेपर्यंतचे सरळ अंतर मोजपट्टीने घ्यावे, मग ओला दोरा रस्त्याच्या वळणांवरून ठेवून रस्त्याचे अंतर घ्यावे व वळणाचे प्रमाण काढावे. दुसरे असे : गेल्या हंगामातील कोणत्याही एका गाडीची तोडणी सुरू झाल्याची, गाडी भरल्याची, निघाल्याची व बाजारात पोहोचल्याची वेळ आठवून लिहावी, आणि एकूण तासांपैकी किती तास चाके फिरत होती व किती तास माल नुसता पडून होता, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेत.